बादलीभर जागा

४ मार्च
नव्या घरात आले. तळमजला, दगडी फरशी, पूर्वेला मोठी खिडकी. ह्यांची प्रवाळं बादल्यांत घालून आणली. सगळी जिवंत पोहोचली. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, लोक सामान हलवतात, तुम्ही समुद्र हलवलात." फार दिवसांनी मी हसले. मोठी टाकी बसवायची ह्यांची इच्छा आजारपणात राहून गेली. ती आता मी बसवणार.

९ मार्च
प्लंबर आणि टाकीवाला दिवसभर खपले. वर पाचशे लिटरची टाकी, खालच्या कपाटात छोटी. वरचं जादा पाणी दातेरी कडेवरून सांडून पाइपाने खाली येतं, पंप ते पुन्हा वर चढवतो. टाकीवाल्याने नीट समजावलं: वरची पातळी बदलत नाही, वर काहीही ठेवलं की तेवढं पाणी खाली वाढतं. पाणी पडल्याचा आवाज सतत येतो. घर बोलकं वाटलं.

१७ मार्च
खडकांवर प्रवाळं बसवून आणि नवे आणलेले मासे सोडून झाले होते, त्यानंतरच मी खालच्या टाकीच्या काचेवर पातळीची रेघ मारली. आज पाणी रेघेच्या दोन बोटं वर. आठ लिटरची एक बादली काढली.

२० मार्च
पुन्हा वाढलं. दोन बादल्या. कुठून गोडं पाणी झिरपतंय वाटलं, पण खारटपणा मोजला तर तेवढाच. प्लंबरने सगळे सांधे चाचपले. म्हणाला, "ताई, गळती रोज बघतो. भरती पहिल्यांदाच बघतोय."
एकूण पाणी वाढलेलं नाही. मग वर कशाने तरी जागा घेतली आहे. दिसत काहीच नाही.

२३ मार्च
तीन बादल्या. सगळे मासे एका कोपऱ्यात गोळा झालेत. पाण्यात हात घालायचं धाडस झालं नाही.
आतापर्यंत अठ्ठेचाळीस लिटर. इस्पितळात शेवटी ह्यांचं वजन छप्पन्न किलो भरलं होतं. असा विचार करू नये.

२४ मार्च
टाकीवाल्याला फोन केला. त्याने सगळ्या बादल्यांचा हिशेब विचारला. मग म्हणाला, "जागा तुम्हीच करून देताय, बाई. पाणी काढू नका. टाकी उपसून टाका."
प्रवाळं मरतील. ह्यांचं दुसरं काही जिवंत माझ्याकडे नाही.

२५ मार्च
दिवसभर काढलं नाही. खालची टाकी भरून फरशीवर सांडू लागली. एकच बादली काढली. छप्पन्न झाले.
काचेजवळ जाऊन हळूच म्हटलं, अहो.
जांभळं प्रवाळ मिटलं.

२६ मार्च
वाढलं नाही. भीती वाटली नाही. काचेला हात लावून बसले.

२७ मार्च
दोन बादल्या. बहात्तर लिटर.
छप्पन्नावर थांबेल वाटलं होतं— आत आहे ते हे नव्हेत. मग मी हाक कोणाला—

२८, सकाळ
प्रवाळं गेली तर जाऊ देत. दिरांना बोलावलंय, टाकी उपसायची. निघालेत. मी टाकीकडे पाठ करून लिहिते आहे, तिकडे बघवत नाही.

पाणी पडायचा आवाज थांबला.

पंप चालू आहे. वळून पाहिलं— वरची पातळी कडेपासून चांगली चार बोटं खाली. मासे सगळ्या टाकीभर फिरताहेत. आत आता जागा—

फरशी ओली. टाकीपासून इथवर. माझ्या खुर्चीच्या पा