कांद्याच्या साच्यातली हवा

२ सप्टेंबर ८२
विंचूरचे कांद्याचे शेठ नाशिकला घरी येऊन गेले. दिवाळीत व्यापाऱ्यांना वाटायला रेझिनचा कांदा हवाय, टेबलावर कागद दाबायला. कलाशाळेत माणसाचं हाड न् हाड शिकलो ते यासाठीच. पण त्यांच्या वडिलांचा पूर्ण उंचीचा पुतळाही बसवायचाय म्हणे. "आधी कांदा दाखवा, मंग पुतळ्याचं बोलू." आजवर माझ्यापाशी कुणी पुतळ्याचं नावसुद्धा काढलं नव्हतं. म्हणून कांदा.

५ सप्टें.
मेहुणा विलास मदतीला. मी डबा पुसायला वळलो तेवढ्यात याने साच्याचं पातळ रबर बहिणीच्या, सुमनच्या ताकाच्या रवीने घुसळलं. "दाजी, गुठळी नको ना राहायला." सगळा फेस. तरी डब्यातल्या खऱ्या कांद्यावर ओतलं, टाकणार कुठे. त्या साच्यातून निघालेल्या कांद्याला अंगभर चामखिळी. रवी गेली म्हणून सुमन रागावली, तीही माझ्यावर.

९ सप्टें.
विलासला लांब बसवला. रबर पट्टीने सावकाश ढवळलं. पहिला थर ब्रशने, खाचाखाचांत. उरलेलं उंचावरून, दोऱ्याएवढ्या धारेने, डब्याच्या एकाच कोपऱ्यात. मग डबा ठोकत बसलो. एकही बुडबुडा नाही.
चहा घेऊन परत येतो तर फुसफुस चालू. आतून.

१० सप्टें.
कारण सापडलं. शेठच्या कांदाचाळीत साठवलेला कांदा, वरची सालं सुटी, त्यांच्याखाली हवा. ताजा मागितला तर शेठ म्हणाले, "आमच्या चाळीतलाच पायजे." मालकासारखाच, पोटात नुसता वारा. विलासला सांगितलं नाही. त्याला वाटू दे सगळं रवीमुळेच.

१६ सप्टें.
कांद्याची मान मेणाने बुजवली, सालींच्या कडा डिंकाने चिकटवल्या, वर फ्रेंच पॉलिशचे हात. वाळल्यावर साचा. रबर संपलं.
रेझिनचा कांदा निघाला. मानेचा पीळ, मुळांची दाढी, सालीवरची रेघ न् रेघ. टाचणीच्या टोकाएवढाही फोड नाही. लाज वाटते, पण मला आवडला. सुमन म्हणाली, "तुमचं आजवरचं सगळ्यात चांगलं काम." हिच्याशी मी लग्न केलं.

२० सप्टें.
विंचूर. शेठनी कांदा लिलावातल्यासारखा मानेशी दाबून पाहिला, नाकाशीही नेला. "येक नंबर. तीनशे नग करा." पुतळ्याचं विचारलं.
"त्यो पुण्याच्या मानसाला दिला. तुमचा हात कांद्यावर बसलाय."
पुणेकराचा नमुना कपाटावरच होता, वडिलांचं डोकं. नाकाच्या शेंड्यावर दोन बुडबुडे, कानामागे एक. बोट ठेवून दाखवले.
"ते ऱ्हातंच हो," शेठ म्हणाले. "लांबून कोन पाह्यतं."

२१ सप्टें.
शेठचा माणूस परवा होकार न्यायला येणार. विलास आत्तापासूनच तीनशेच्या गोष्टी करतोय.
मघापासून मी तो कांदा उजेडात धरून फिरवतोय. एखादा बुडबुडा सापडला असता तर नाही म्हणणं सोपं होतं.