सोप्यातल्या भिंतीचे सात खिळे, आणि मी हयात असल्याबद्दल

हे मृत्युपत्र मी मार्गशीर्षात लिहायला घेतलं होतं, आता फाल्गुन तोंडावर आला. उशीर माझाच. पहिल्यांदा कागद आणायला निघालो तो गड्ड्याच्या जत्रेत शिरलो. तिथं पाळण्याला वंगण घालणाऱ्या एका माणसाशी ओळख झाली आणि आठ दिवस त्याच्याकडंच राहिलो. दुसऱ्यांदा कागद होता, शाई नव्हती. शाई आणायला म्हणून घर सोडलं ते बार्शीच्या छोट्या गाडीत बसलो आणि लातूरला उतरलो. परत आलो तेव्हा हातात शाई नव्हती, शिसवी चौकट होती. तिच्याबद्दल पुढं. आज मात्र जागचा हलणार नाही, कारण येत्या बुधवारी वैरागला रुद्राणीचा साखरपुडा आहे, आणि तो माझ्याशी नाही.

तर मी, शरणप्पा वीरभद्रप्पा हत्तुरे, वय वर्षे तेवीस, शिक्षण मराठी तिसरी पुरी व चौथी दोनदा अर्धी, धंदा अजून ठरायचा आहे, राहणार बाळीवेस, सोलापूर (घरी असलो तर), लिहून ठेवतो की मी या घटकेला हयात आहे. अक्कल जेवढी होती तेवढी ठिकाणावर आहे. कोणी दटावलेलं नाही, नशा केलेली नाही, तंबाखूसुद्धा सही झाल्यावर खाईन. वाचणाऱ्यानं 'हयात आहे' हे शब्द दोनदा वाचावेत. बाकीचा कागद त्यांच्यासाठीच भरतोय.

कारण असं की रुद्राणीचे वडील, वैरागचे आडते चनमल्लप्पा, मला मेलेला समजतात. यावर उपाय विचारायला मी सात रस्त्याजवळ एका वकिलाच्या कारकुनाकडं गेलो.

"जिवंत असल्याचा दाखला पाहिजे," मी म्हणालो.

"कुणाचा?"

"माझा."

"तुला कशाला? दिसतोयस की."

"वैरागला दिसत नाही."

कारकुनानं टाक खाली ठेवला. "हे बघ. जन्माचा दाखला मिळतो, मेल्याचा मिळतो. मधल्याचा कोणी देत नाही. तू मृत्युपत्र कर. पहिल्याच ओळीत 'मी हयात असून' येतं, आणि दोन माणसं समक्ष पाहिलं म्हणून सह्या करतात. त्याहून जास्त जिवंत माणूस सरकारला माहीत नाही. फक्त ज्याला काही मिळणार त्याला साक्षीदार घेऊ नको."

म्हणून हे मृत्युपत्र. आता केलंच आहे तर मिळकतीचीही व्यवस्था लावतो.

कलम पहिलं. घर धाब्याचं, माझे थोरले चुलते महादेवप्पा यांनी माझ्या नावे करून ठेवलेलं. माझ्यामागं ते पूर्ण दोड्डव्वाचं. दोड्डव्वा म्हणजे थोरली चुलती, गुरम्मा. मी चालायला लागलो तेव्हापासून पळतोय आणि ती तेव्हापासून ताट झाकून ठेवतेय. घराबद्दल तंटा नाही. तंटा सोप्यातल्या भिंतीचा आहे. सदरहू भिंतीच्या चतुःसीमा: पूर्वेस रस्त्याचं दार, पश्चिमेस ज्वारीची कणगी, वर तुळई, खाली दोड्डव्वाची बसायची जागा. पैकी खालची हद्द सगळ्यात कडक.

या भिंतीत सात खिळे आहेत. वरच्या खिळ्यावर सिद्धरामेश्वर, ते कोणाला देता येत नाहीत, त्यांनीच आम्हाला ठेवून घेतलंय. दाराजवळच्या खिळ्यावर विलायतेचा बादशहा. दार उघडलं की बादशहा झाकला जातो. फौजदार आला की दोड्डव्वा दार लावून घेते, दुसरं कोणी आलं की सताड उघडं ठेवते. बादशहा तिच्याकडंच राहावा, मला हे राजकारण जमणार नाही. तिसऱ्या खिळ्यावर चौथी पास झाल्याचं प्रशस्तिपत्रक आहे, ते माझं नव्हे. ते माझा मित्र बिरप्पा धनगर याचं. त्याच्या घराला कुडाच्या भिंती, त्यात खिळा ठरत नाही, म्हणून तो इथं लटकलाय. मेंढरं घेऊन गावावरून गेला की आत येऊन आपलं नाव वाचतो, पाणी पितो आणि जातो. ते त्याचं त्यालाच, त्यात मी काही देतोय असं धरू नये, कारण तो साक्षीदार आहे.

कलम दुसरं. मधला खिळा.

चुलते पाच वर्षांमागं लिंगैक्य झाले. आमच्यात माणूस गेला की त्याला आडवा ठेवत नाहीत, बसवतात. कपाळाला भस्म, डोक्याला रुमाल, पाठीला फळी, आणि घरचे सगळे दोन्ही बाजूंना बसून एक फोटो काढतात. चुलत्यांनी जिवंतपणी फोटो काढला नव्हता. म्हणायचे, "घाई काय, एकदा निघणारच आहे." मी त्या वेळी अक्कलकोटला एका घड्याळवाल्याच्या दुकानात बसून होतो. कामाला नव्हे, नुसताच. (घड्याळ उघडलं की आत एक बारीक केस असतो, तो श्वास घेतल्यासारखा हलतो. पण ते जाऊ दे.) पहाटे सायकलवरून निरोप आला. चोवीस मैल चालत दुपारी पोचलो, तर पाय धुवायच्या आत मला चुलत्यांच्या शेजारी बसवलं, भस्म लावलं आणि सांगितलं, "खांदा लावून धर, कलायला नकोत." फोटोवाला काळ्या फडक्यात शिरला. तो आत इतका वेळ राहिला की मला झोप लागली.

फोटो आला तो असा: चुलते ताठ, माझी मान त्यांच्या खांद्यावर, डोळे मिटलेले, तोंड थोडं उघडं. एवढ्यावर भागलं असतं. पण फोटोवाल्यानं दोड्डव्वावर मेहेरबानी म्हणून बारीक कुंचल्यानं चुलत्यांचे डोळे उघडून दिले. जिवंतपणी त्यांचे तेवढे उघडे मी कधी पाहिले नव्हते. माझे मात्र तसेच ठेवले. विचारलं तर म्हणतो, "मला वाटलं दुःखानं मिटलेत."

तेव्हापासून सोप्यात येणारा प्रत्येक नवा माणूस वर बघतो, जीभ टाळ्याला लावून 'च्च' करतो आणि म्हणतो, "ऐन उमेदीतला हो! काय झालं होतं?" एकानं तर जाताना माझ्याच हातावर नारळ ठेवला.

मी उपाय केले नाहीत असं नाही. चुलत्यांना हार घातला. पण खिळा एक, चौकट एक, हार दोघांना बसला. मग कागदावर 'हे गेलेले' असं लिहून, बाण काढून काचेवर डकवला. दोड्डव्वानं तो नखानं खरवडून काढला.

"अय्यो शिवा! माझ्या मालकाच्या अंगावर बाण मारतोस?"

"दोड्डव्वा, मग फोटो आत तरी लाव. माझं लग्न अडलंय."

"तू घरात किती दिवस असतोस रे? ते रोज असतात. जो रोज असतो त्याचा खिळा."

म्हणून फोटो मधल्याच खिळ्यावर राहावा, असं मी राजीखुशीनं लिहून देतो.

कलम तिसरं. तात्याबा चौकटवाला यास काही देऊ नये. फोटोवाल्यानं खालच्या पुठ्ठ्यावर कोण गेले, कधी गेले, सगळं सुबक अक्षरात लिहिलं होतं. तात्याबाकडं तयार असलेली चौकट बोटभर लहान होती. म्हणाला, "चौकट काय वाढत न्हाई गड्या. कागुद कापता येतो." आणि खालची पट्टी मजकुरासकट कातरून टाकली. ती बोटभर पट्टी असती तर आज माझी दोन पोरं असती. काही देत नसल्यामुळं तात्याबा साक्षीदार व्हायला कायद्यानं अगदी लायक ठरतो. म्हणून त्यालाच बोलावलं आहे.

कलम चौथं. हा कागद चनमल्लप्पांना द्यावा. बिरप्पानं आजच घेऊन निघावं.

ते मला बघायला आले त्या दिवशी मी पानं आणायला गेलो होतो. वाटेत एका मिलच्या फाटकातून भला मोठा बॉयलर आत ढकलत होते. मी फक्त बघत होतो, पण पुढं दोराला हात लावावा लागला. इकडं चनमल्लप्पा भिंतीसमोर बसले.

"हे डोळे मिटलेले कोण?" त्यांनी विचारलं.

"हाच आमचा शरण," दोड्डव्वा म्हणाली. "ह्यालाच तर बघायला आलात."

चनमल्लप्पांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "आणि हे शेजारचे?"

"हे आमचे मालक."

"मालक कुठं बाहेर गेलेत?"

"ते कुठं जातात? इथंच असतात. सकाळी त्यांच्यापुढं चहा ठेवल्याशिवाय मी घोट घेत नाही बघा."

तेवढ्यात मी पानं घेऊन आलो, अंगभर काजळी. चनमल्लप्पांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा फोटोकडं, आणि वहाणा हातात घेऊनच रस्त्याला लागले. आठवड्यानं पत्र आलं: 'कै. शरणप्पा यांचे स्थळ चांगले होते. ईश्वरेच्छा.'

मी वैरागला गेलो. समक्ष उभा राहिलो. त्यांनी मला लोड दिला, चहा दिला, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "तुम्ही धाकटे काय? चेहरा अगदी तोच. मन घट्ट करा."

"अहो, मीच तो."

"होतं असं. आमचे वडील गेले तेव्हा मलाही तसंच वाटायचं."

पाणी घेऊन रुद्राणी आली होती. तिनं एवढंच विचारलं, "तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली?" मी म्हणालो, पाच, पण मी परत आलो. तर पदर तोंडाला लावून ती आत पळाली, आणि आतून हसू ऐकू आलं, भांडं पडल्यासारखं. मी पुष्कळ गावं हिंडलो, पण एखादं गाव सोडताना पाय मागं राहिला तो त्याच दिवशी.

चनमल्लप्पांना सांगणं एवढंच: सोयरीक करायची नसेल तर करू नका. मुलगा भटक्या आहे म्हणा, चौथी नापास आहे म्हणा, सगळं खरं आहे. पण मी नाही म्हणून बुधवारी बार्शीच्या सरकीवाल्यांना मुलगी देऊ नका. मी आहे.

कलम पाचवं. उरलेल्या तीन खिळ्यांवर माझी स्वतःची मिळकत, म्हणजे तीन चौकटी. विजापूरची, गुलबर्ग्याची आणि लातूरची. तिन्हीत चित्र नाही, नुसती काच. लोक हसतात. चित्र काय, कुठंही मिळतं. मनासारखी चौकट मिळायला फिरावं लागतं. विजापूरची मी भिंतीचे पोपडे निघालेत तिथं टांगली आहे. आत बसलेला उंट दिसतो. पाहुणे विचारतात कुठला म्हणून, मी विजापूरचा सांगतो. उंट निघणार नाही, म्हणून ती भिंतीसकट दोड्डव्वाला. गुलबर्ग्याचीला एक कोपरा नाही. ती ज्याला कोपरा सापडेल त्याला.

लातूरची शिसवी रुद्राणीला. ती या घरात आली तर मधला खिळा सोडून सगळे खिळे तिचे. कोण वर, कोण खाली, कोण दाराआड, तिनं ठरवावं, मी हातोडी धरून उभा राहीन, कुठं जाणार नाही. निदान खिळे ठोकून होईपर्यंत. ती दुसरीकडं गेली तर चौकट तिकडं पोचती करावी. तिनं त्यात तिच्या माणसाचा फोटो लावावा. फक्त काढून घेताना त्याचे डोळे उघडे आहेत का ते आधी बघावं. ही चेष्टा नव्हे.

कलम सहावं, आणि शेवटचं. मी खरोखर गेलो की मला रीतीप्रमाणं बसवावं, पण नवा फोटो काढू नये. आहे तोच पुरे. त्यात मी चुलत्यांच्या खांद्यावर झोपलोय, आणि आयुष्यात एका जागी इतका स्वस्थ मी दुसऱ्यांदा बसल्याचं कोणाच्या पाहण्यात नाही. मला धरायला बसवलं होतं, धरलं त्यांनीच. तेव्हा लोक जे म्हणतात ते त्या दिवसापासून खरं धरावं.

येणेप्रमाणे लिहून वाचून पाहिलं, पटलं, सही केली.

शरणप्पा वीरभद्रप्पा हत्तुरे

साक्षीदार:

१. बिरप्पा येडू धनगर. समक्ष सही केली. सही करताना हालत होता व बोलत होता. लई बोलत होता.

२. तात्याबा चौकटवाला. कलम तिसरं मला कबूल नाही. सही करणारा जिता आहे हे कबूल.

मुक्काम सोलापूर, रविवार, तारीख ३ मार्च १९२९.

सह्यांनंतरची टीप, घाईत. बिरप्पा कागद न्यायला म्हणून वहाणा घालायला बाहेर गेला होता, तो तसाच आत माजघरात माझ्याकडं आला आहे.

"शरण्या, दारात बैलगाडी हाय. वैरागची."

"चनमल्लप्पा आले?"

"न्हाय. एक म्हातारी उतरली, गिरिजाबाई म्हणत्यात, पोरीची आज्जी. अन् मागनं पोरगी. घरात सांगून आल्यात असं काय दिसत न्हाय. दोड्डव्वानं दोगींना भिंतीम्होरं बसवलंय."

"पोरगी काय म्हणते?"

"फोटूकडं बगतीया. दोड्डव्वाला इच्यारलं तिनं, ह्ये झोपल्यात ते उठलं का म्हणून."

उठलो.