मामा गप्प होता

जेबालमामा,

हे पत्र तुला देणार नाहीये, म्हणून खरं लिहिते.

बॉम्बच्या चाचणीसाठी आपलं बेट मागायला गोरा साहेब तुझ्याकडे, बेटाच्या प्रमुखाकडे, आला होता. दुभाषी मी होते. "पुन्हा महायुद्ध नको, म्हणून द्याल ना?" तू गप्प बसलास. पाहुण्याला तोंडावर नाही म्हणायचं नाही, गप्प राहायचं, ही आपली रीत. मला ते माहीत होतं. पण मला माझं इंग्रजी दाखवायचं होतं. मी सांगून टाकलं, "मामा हो म्हणतोय."

बोट आपल्या सगळ्यांना दुसऱ्या बेटावर न्यायला आली, तेव्हा तुला कळलं. इथले, या नव्या बेटावरचे, मासे विषारी निघाले, तेव्हा म्हणालास, "आता तुझं इंग्रजीच शिजव, पोरी."

आज घरी परत जाऊ द्या म्हणून युनोला अर्ज लिहिला. त्यात लिहिलं, मामा गप्प होता. हो कोण म्हणालं, ते नाही लिहिलं.

तुझी भाची,
लिमारो