बाहेरचा खडक

सांडविक वाडी, आइसलंड
ऐन हिवाळ्यातला यूलचा सण सरून नववा दिवस, बुधवार

प्रिय आलोफताई,

धाकट्या ग्रोआचा नमस्कार. तू सुखरूप बाळंत झालीस आणि मुलगा झाला, हे तुमचा गडी चुकलेल्या मेंढ्या शोधत इकडे आला तेव्हा कळलं. तिसराही मुलगाच. तुला म्हणून काही कमी पडत नाही. आमच्याकडे सगळं ठीक. गवत पुरेल, लाल गाय आटली, सासूबाईंची गुडघ्यांची कुरकुर चालू आहे. मामांनी लहानपणी अक्षरं गिरवून घेतली ते बरं झालं, कारण हे पत्र पाद्रीबाबांकडून लिहून घेण्यासारखं नाही.

सणाच्या जेवणाला तू नव्हतीस. अर्नोल्फदाजींनी तुला सांगितलंच असेल, पण आपल्या बाजूने. मुखियांच्या घरी जेवणं झाली, जवाच्या दारूची शिंगं भरली, आणि नेहमीसारखं कोणीतरी म्हणालं, चला, आता माणसं तोलूया. दाजींना आणि माझ्या स्टेनारला समोरासमोर बसवलं. एकाने आपला पराक्रम सांगून घोट घ्यायचा, दुसऱ्याने त्याच्या वरचढ सांगायचं. ज्याची जीभ अडकली तो हरला.

दाजी म्हणाले, "नॉर्वेच्या राजाच्या गलबतावर मी सगळ्यांच्या पुढे उभा होतो. नऊ जखमा आहेत अंगावर, हव्या तर मोजून घे. तू कुठे होतास रे तेव्हा?"

स्टेनार म्हणाला, "तू राजाच्या ताटाखालचं मांजर झाला होतास, तेव्हा मी तीन दिवस बर्फ उपसून साठ मेंढ्या जिवंत काढल्या."

"साठ? मग तुझे पोवाडे त्यांनाच गायला सांग. बें बें करून गातील."

अख्खं घर हसलं. मुखियांची बायको तर डोळे पुसत होती. स्टेनार हातातलं शिंग नुसतं फिरवत राहिला. दाजींनी इतकं डिवचलं, म्हणून तो नको ते बोलून बसला. म्हणाला, "याच थंडीत, गोई महिना लागायच्या आत मी एकटा होडी घेऊन बाहेरच्या खडकावर जाईन आणि सील मारून आणीन." शिंगावर हात ठेवून म्हणाला, म्हणजे शपथच ती. गेल्या हिवाळ्यात त्या खडकाकडे चौघे गेले होते, परत आली ती होडीची एक फळी. दाजींनी घोट न घेताच शिंग खाली ठेवलं आणि म्हणाले, "आण, मग मी हरलो म्हणेन."

इथवर लिहिलं आणि पत्राचं कातडं बाजूला ठेवलं होतं. पण खोटं लिहून तुझ्याकडे मागायचं कसं? दाजींनी डिवचलं हे खरं. पण खडकाचं नाव स्टेनारला सुचलंच नव्हतं. मी दारू वाढत फिरत होते. त्याच्या खांद्याशी वाकून मीच पुटपुटले, "बाहेरच्या खडकाचं बोल."

का, ते तुला माहीत आहे. नसेल तर ऐक. मी तुझ्यावर जळते. तुझ्या निळ्या झग्यावर, तुझ्या काचेच्या पेल्यावर, तुझ्या मुलांवर. मला इथे कोणी स्टेनारची बायको म्हणत नाही, आलोफची बहीण म्हणतात. सहा वर्षं दर सणाला दाजींच्या त्याच नऊ जखमा ऐकायच्या आणि आमच्या मेंढ्यांवर लोकांनी हसायचं. एकदा, फक्त एकदा, त्यांची बोलती बंद झालेली मला बघायची होती. ती झाली, ताई. आणि मला काय आनंद झाला म्हणून सांगू.

आता स्टेनार रोज किनाऱ्यावर होडीच्या फटी बुजवतो. मी वल्ही लपवली, त्याने नवी तासली. मी म्हटलं, "दारूच्या भरात बोललास, लोक विसरतील." तर म्हणाला, "मी विसरणार नाही. ते बोललो तेव्हा तू माझ्याकडे जसं बघितलंस ना, तसं लग्नात पण बघितलं नव्हतंस." त्याला पोहताही येत नाही गं.

वारा आहे तोवर तो अडकून आहे. रविवारपर्यंत पडेल म्हणतो. दाजींनी त्याआधी येऊन मुखियांसमोर "मी हरलो" म्हटलं, तर त्याला जायचं कारण उरत नाही. तुमची वाडी डोंगरापलीकडे, घोड्यावर एका दिवसाची वाट. मी तुझ्यापुढे पदर पसरते, त्यांना पाठव.

पुढे काय होईल तेही मला दिसतंय. लोक म्हणतील, बघा, अर्नोल्फचं मन केवढं मोठं, साडूचा जीव वाचवायला स्वतः हार पत्करली. त्याचे पोवाडे होतील आणि दर सणाला मला ते ऐकावे लागतील. तेव्हाही मी जळणारच, ते काही माझ्याच्याने सुटायचं नाही. जळू दे मला. माझ्या शेजारी बसून ऐकायला स्टेनार तेवढा असू दे.

गडी पहाटे निघतोय. पत्र मिळताच दाजींच्या घोड्यावर खोगीर चढव.

तुझ्यावर जळणारी आणि तरीही तुझ्याच दारात येणारी,
ग्रोआ