पाच हाल्वर

सिग्नी,

‘प्रिय’ लिहायला हात धजत नाही, तेव्हा नुसतंच सिग्नी.

काल तुझ्या मुलाच्या शाळेच्या पहिल्या दिवशी बाईंनी ‘हाल्वर’ अशी हाक मारली आणि एकदम पाच पोरं उभी राहिली म्हणे. तू आपल्या आईला फोन करून रडलीस, "पणजोबांसोबत नॉर्वेहून बोटीनं आलेलं नाव! अख्ख्या जिल्ह्यात कुणाचं नव्हतं. हे खूळ आलं कुठून?"

माझ्याकडून. बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स आहे मी. एखादीला नाव सुचत नसलं की तिची उशी सारखी करता करता मी म्हणायचे, "हाल्वर कसं वाटतं? जुनं आहे, दणकट आहे."

पाच वर्षांपूर्वी जानेवारीत माझं बाळ पोटातच गेलं. मिनेसोटाची जमीन गोठलेली, खणता येईना, म्हणून मे महिन्यापर्यंत त्याला दफनभूमीच्या कोठीत ठेवलं. त्याचं नाव मी फक्त तुला सांगितलं होतं. मार्चमध्ये तुला मुलगा झाला, तेव्हा तू म्हणालीस, "मारित, इतकं छान नाव वाया कशाला घालवायचं?" आईनंही तुझीच री ओढली. एका घरात दोन हाल्वर नकोत म्हणे. मे महिन्यात दगड बसला, त्यावर नुसतं ‘बाळ’.

हे पत्र मी टाकणार नाही. खूळ कुठून आलं, याचा तू जन्मभर विचार करत बस.

आता गावात पाच आहेत. सहावा कुणाला जड होणार नाही. आज सकाळीच दगडवाल्याला नाव लिहून देऊन आले.

मारित,
हाल्वरची आई