फायनलच्या दिवशी मी मावशीकडे होते

शुक्रवार, ६ फेब्रुवारी २०१५
वादी कबीर, मस्कत

आई,

आज लेकीच्या कॉलेजची बास्केटबॉलची सेमीफायनल होती. त्या जिंकल्या. आता ती आणि तिचे बाबा तिच्या मैत्रिणींना घेऊन शवर्मा खायला गेलेत. मी घरीच थांबले.

सकाळी बूट घालता घालता ती म्हणाली, "आई, पेनकिलर कुठेय? पिरियड्स आलेत." तिचे बाबा समोरच पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "फ्रिजवरच्या डब्यात बघ." तिने गोळी घेतली, देवाला नमस्कार केला, "यल्ला, बाय" म्हणाली आणि गेली. कणीक मळता मळता माझे हात थांबले.

तू माझा एकही सामना पाहिला नाहीस. आमच्या भागात मुलींच्या आंतरकॉलेज स्पर्धा सुरू होऊन तेव्हा दोन-तीनच वर्षं झाली होती. आमच्या कॉलेजला धड मैदान नव्हतं; मुरमाच्या जागेवर एकच रिंग, आणि केमिस्ट्रीचे सर शिट्टी घेऊन उभे. तरी त्या वर्षी आम्ही एकदाही हरलो नाही. आमचे कॅनव्हासचे बूट बघून हसलेल्या शहरातल्या मुलींनाही हरवलं. आणि फायनल आली ती नेमकी त्या रविवारी, कऱ्हाडचे लोक मला बघायला येणार होते त्याच दुपारी. बाबांपुढे बोलायची आपल्याकडे पद्धतच नव्हती. जायचं नाही हे माहीत असूनही मी मागच्या दारात बसून बुटांना खडू लावत होते. तू विचारलंस, "तुझ्याऐवजी कोण खेळेल?"

"कोणी नाही. एकीचा पाय मुरगळलाय. पाच जणी नसल्या तर सामना सोडावा लागतो."

तू आत गेलीस. मग तुझा आवाज आला, "अहो, ती बाजूला बसलीये. तिच्या हातचे पोहे त्या लोकांना कसे द्यायचे? पुढच्या महिन्यात या म्हणून कळवा."

"आजच? आधी नाही कळलं?"

"ते काय सांगून येतं?"

बाबा चिडून फोन करायला दुकानात गेले. तू बाहेर येऊन एवढंच म्हणालीस, "दोन खोल्यांत शिवाशिव नको. मावशीकडे जाऊन बस. दिवेलागणीच्या आत ये." पिशवी माझ्या हातात दिलीस. आत बूट होते.

तुला कधी कोणाशी खोटं बोलताना मी पाहिलं नव्हतं. आणि सोवळ्याओवळ्याच्या बाबतीत तर शक्यच नव्हतं. पण एकदा बोललीस म्हटल्यावर पुढचे दिवस तू मला खरंच बाजूला बसवलंस. कॉलेजात सत्कार होता तेव्हा मी कोपऱ्यात गोणपाटावर. बाबा घरात नाहीत असं बघून तू वरूनच भाकरी टाकलीस आणि हळूच विचारलंस, "जिंकलात?"

"हो. चार गुणांनी."

"बरं." मग त्या भाकरीवर लोण्याचा गोळा पडला.

कऱ्हाडची माणसं पुन्हा आली नाहीत. मुलगा बँकेत होता. माझं लग्न ठरेपर्यंत बाबा तुला ऐकवत राहिले, "चांगलं स्थळ तुझ्या सोवळ्यापायी गेलं." तू पोळ्या लाटत ऐकून घ्यायचीस. मी आतल्या खोलीत असायचे. तू असं का केलंस हे मी कधी विचारलं नाही, आणि मग तूच राहिली नाहीस.

इथे आल्यावर मी काहीच पाळलं नाही. लेकीला तर ते शिकवलंही नाही. एक गोष्ट मात्र घरात कोणालाच माहीत नाही. तू लग्नात दिलेल्या अन्नपूर्णेला त्या चार दिवसांत मी कधीच हात लावला नाही. विटाळ मानते म्हणून नाही. तुझ्या त्या एका खोट्याबद्दल तिकडे तुला कोणी काही विचारू नये, एवढंच मनात असायचं.

हे कुठे पाठवायचं नाहीच. उद्या उसळ करायचीय. मटकी निवडून भिजत घालते.