पाच ताऱ्यांचं गाणं

बाबा,

हे पत्र मी पाठवणार नाही, तेव्हा साष्टांग नमस्काराचा देखावा कशाला.

तुमची गाणी नव्या कॉम्प्युटरवर नेली तेव्हा गाणी सगळी आली, पण आवडीप्रमाणे तुम्ही एकेकाला दिलेले तारे आलेच नाहीत. ते जुन्या प्रोग्रामच्या पोटातच राहिले होते. "जुनं लगेच पुसू नकोस गं," असं तुम्ही बजावलं होतंत. पण मला मेलीला भारी घाई. सगळं पुसून तो कॉम्प्युटर भंगारात देऊन मोकळीसुद्धा झाले होते.

"सगळं नीट आलंय," असं तुम्हाला सांगितलं आणि अंदाजाने तारे देत बसले. आठवले तिथे तुमच्या आवडीचे, नाही तिथे माझ्या. कॉलेजात असताना मीच तुमच्या कॉम्प्युटरवर घालून जे ऐकून रडायचे ते गाणं समोर आलं, तेव्हा हात सैल सोडला. दिले पाच.

मग कॉम्प्युटर घेऊन तुम्ही दादाकडे राहायला गेलात. परवा फोनवर म्हणालात, "हे गाणं मला काही केल्या आठवत नाही. पण मी पाच तारे उगाच देणाऱ्यातला नाही. तुझ्या आईचं आवडतं असणार, नाही का?"

आईच्या कानावर ते कधी पडलंच नव्हतं, मी हेडफोन लावून ऐकायचे. आज ती असती तर तिनेच मला उघडं पाडलं असतं.

मी म्हटलं, "हो बाबा, तिचंच."

आज वहिनी सांगत होती, ते गाणं लागलं की बाबा घरात कोणाला बोलू देत नाहीत.

सगळं नीट आलंय म्हणणारी,
तुमची धाकटी